कोकणातलं पडकं घर, सोलापूरचा मालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीधंद्यासाठी सोलापुरात येऊन इथलेच झालेली कोकणी कुटुंबं कमी नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे हौसेने जुनं घर घेऊन ठेवलेले डॉक्टर, व्यापारीही आहेत. दोघांचीही घरं बहुधा सारख्याच अवस्थेत असतात: कौलं सरकलेली, वासे वाळवीने पोखरलेले, दारं फुगून चौकटीत अडकलेली. मग कुणीतरी म्हणतं, "नीट करून पर्यटकांना देऊ, चांगलं महागडं करू." तिथून फोन सुरू होतात. मी स्थापत्य अभियंता, ऑफिस सोलापुरात, साइट बहुतेक किनाऱ्यावर. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

घर पार मोडकळीला आलंय. दुरुस्तीत पैसा घालण्यापेक्षा पाडून नवंच बांधलेलं बरं नाही का?

जुळे सोलापुरातला प्लॉट असता तर मीही हो म्हटलं असतं. समुद्राकाठी थांबा. किनाऱ्यालगतच्या ना-विकास क्षेत्रात, म्हणजे नव्या बांधकामाला सहसा मनाई असलेल्या पट्ट्यात, आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोतं, चटईक्षेत्र आणि घनता आहे त्यापेक्षा वाढवता येत नाही. वर मजला चढवू, पुढे दोन खोल्या काढू, हे तिथे चालत नाही. शिवाय घर पाडल्यावर ते मुळात केवढं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. जेसीबी लावून मोकळे झालेले आणि मग कागद शोधत फिरणारे मालक मी पाहिले आहेत.

म्हणून पाडायचं असो वा नसो, पहिल्यांदा मोजमापाचा नकाशा करून घ्या, चारही बाजूंचे फोटो काढा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जुनं वीजबिल एका फायलीत लावा.

दुसरं कारण साधं आहे. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पडवी, ओटी, माजघर हे बघायलाच पाहुणा इतक्या लांब येतो. काँक्रीटची खोली त्याच्या घरी आहेच. भिंत पोटात फुगली असेल, पाया खचून तिरकी भेग वरपर्यंत गेली असेल, तर तेवढा भाग उतरवून त्याच चिऱ्यांनी पुन्हा चढवता येतो. पूर्ण पाडायची वेळ वाटते त्यापेक्षा क्वचित येते.

सीआरझेड म्हणजे नेमकं काय? आमचं घर त्यात येतं का?

सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र. पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची, आणि सध्याची जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत हे क्षेत्र धरतात. ग्रामीण भागात त्यातला किनाऱ्याकडचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. २०१९ च्या नियमांत दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, हा पट्टा ५० मीटरवर आला. बाकीच्यांना तो २०० मीटरच राहिला. कोकणातली बहुतेक खेडी एवढी दाट नाहीत, तेव्हा २०० मीटर धरूनच चाला. खाडीकाठचं घर असेल तर नियमन क्षेत्र ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते.

भरतीरेषा म्हणजे तुम्हाला दिसलेली ओल्या वाळूची रेघ नव्हे. ती मान्य किनारा व्यवस्थापन आराखड्यावर आखलेली असते. त्या नकाशावर आपला गट नंबर कुठे पडतो, हे आधी बघून घ्या. गावातला एजंट "काय होत नाही ओ, सगळे करतात" म्हणेल. सगळे करतात हे खरं, आणि नोटिसा येतात हेही खरं. प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाण्यासारखा असेल, तर तिकडे लागणारा वेळ बँकेच्या हप्त्याआधी मोजा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. स्थानिकांनी आपल्या आहे त्या घरात, जोतं आणि दर्शनी रूप न बदलता पाहुणे ठेवावेत, अशा होमस्टेला या नियमांत जागा आहे. म्हणजे जुनं रूप राखणं ही नुसती हौस उरत नाही.

सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे. आधी घर दुरुस्त करून मग वारस नोंद केली तर?

नको. आधी वारस नोंद, फेरफार, सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती किंवा वाटप, मग कुदळ. कोकणात एका घरावर पंधरा-वीस नावं असणं नेहमीचं. त्यातला मुंबईचा एखादा चुलतभाऊ, जो वर्षानुवर्षं फिरकला नाही, तो घराला रंग लागल्यावर बरोबर येतो. त्याचा हक्क खराच असतो, म्हणून राग धरून उपयोग नाही. नफ्यातला वाटा किंवा वर्षातले ठरावीक दिवस असं काहीतरी आधीच कागदावर आणा.

घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, आणि कूळ म्हणून इतर हक्कांत कुणाचं नाव आहे का, हेही त्याच बैठकीत तपासा.

आमचं घर नाही, विकत घ्यायचंय. सोलापूर जिल्ह्यात शेती आहे, तेवढं पुरेल?

जमीन शेतीची असेल तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि सोलापूर जिल्ह्यातला सातबारा त्यासाठी चालतो. गावठाणातल्या घराला किंवा बिनशेती जागेला ही अट नाही. रस्ता मात्र कागदावर बघा. समुद्राला लागून असलेल्या कित्येक घरांकडे जायची वाट दुसऱ्याच्या नारळी बागेतून जाते आणि ती आजवर निव्वळ शेजारधर्मावर चालत आलेली असते. पाहुण्यांच्या गाड्या सुरू झाल्या की शेजारधर्म आटतो.

आमचा सोलापूरचा मिस्त्री विश्वासाचा आहे. त्यालाच नेलं तर?

माणूस विश्वासाचा आहे, साहित्य अनोळखी आहे. आपल्याकडचा गवंडी काळ्या दगडावर आणि विटेवर वाढलेला असतो. काळा पाषाण पाणी पीत नाही. जांभा पितो. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण त्याची छिद्रं कायम राहतात. हे ज्याच्या हाताला माहीत नाही तो पहिल्या दिवशी काय करतो? भिंत खराब दिसते म्हणून सिमेंटचा गिलावा मारतो. सोलापुरात वर्षाला पाऊस पडतो साधारण साडेपाचशे मिलिमीटर. किनाऱ्यावर तीन हजारांच्या वर. तिथे तो गिलावा टिकत नाही.

सुतार, चिरेकाम आणि कौलकाम करणारे तिथलेच घ्या. वीज, प्लंबिंग, फर्निचरची जुळवणी याला सोलापूरची माणसं न्यायला हरकत नाही. राहायची-जेवायची सोय आणि येण्या-जाण्याचा खर्च धरून हिशोब करा, मग स्वस्त वाटणारी मजुरी तितकी स्वस्त राहत नाही.

भिंतींना कायम ओल असते. वॉटरप्रूफिंगचा कोट मारला की थांबेल?

थांबणार नाही, फक्त दिसेनाशी होईल, तीही एक-दोन पावसाळे. जांभ्याची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि पावसाचा मारा बाजूने घेते. जुने लोक मातीत किंवा चुन्यात बांधायचे, वर चुन्याचा हात द्यायचे. त्यातून ओल उन्हाळ्यात बाहेर पडून जायची. सिमेंटच्या गिलाव्याने किंवा प्लास्टिक पेंटने ती वाट बंद होते. ओल आत साठते, वर चढत कमरेच्या उंचीला येते आणि क्षार घेऊन बाहेर फुटते. त्याला लोणा लागणं म्हणतात. पांढरी भुकटी, रंगाचे पापुद्रे, आणि बोट लावलं की भिंतीतून सरसर गळणारी लाल माती. असा गिलावा ठोकून काढताना कधी कधी हाताएवढा तुकडा एकसंध सुटून येतो. मागे चिरा ओला, बोटाने कोरता येईल इतका मऊ झालेला असतो.

उपाय उलट्या क्रमाने करायचा. आधी घराभोवतीचं पाणी हटवा: पागोळ्यांखाली दगडी गटार, अंगणाचा उतार घरापासून बाहेर, मागच्या बाजूला डोंगराची माती भिंतीला टेकली असेल तर ती कापा. मग सिमेंट खरवडा. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. याला मालक तयार होत नाहीत, पण इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. त्यानंतर मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी किंवा श्वास घेणारा रंग. बाहेरून चिरा चांगला असेल तर गिलावा नकोच, फक्त सांधे भरा.

छप्पर : कौलं ठेवावीत, पत्रा घालावा की स्लॅब टाकावा?

कौलं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि आजही जुन्या घरांवरून उतरवलेल्या कौलांच्या पाठीवर अशा कारखान्यांचे छाप सापडतात. टिचकी मारून खणखणीत वाजलं ते कौल पुन्हा वापरायचं, बद्द वाजलं ते बाजूला. त्यातली बरीचशी तुमच्या-माझ्या वयापेक्षा मोठी असून निर्धोक असतात. फुटलेल्यांच्या जागी नवी घ्यायची झाली तर आधी एक नमुना नेऊन खाचा जुळतात का बघा.

खरा खर्च कौलांचा नसतो, खालच्या लाकडाचा असतो. आढं, तुळया, वासे एकेक करून टोचून बघावे लागतात. भिंतीत गेलेलं वाशाचं टोक हमखास कुजलेलं असतं, बाकी वासा ठणठणीत. तेवढं टोक कापून नवं जोडता येतं. वाळवीची प्रक्रिया लाकडाला आणि जोत्याभोवतीच्या जमिनीलाही करायची. वळचण दोन-अडीच फूट बाहेर ठेवा. भिंतीचं निम्मं आयुष्य तिथे ठरतं.

कौलांखाली एसी लावायचा तर छत बंद करावं लागतं, नाहीतर सगळी थंडी कौलांतून निघून जाते. लाकडी फळ्यांचं छत करा, पण कौल आणि छत यांच्यामधली पोकळी हवेशीर राहू द्या आणि तिच्या तोंडाला जाळी बसवा. जाळी विसरलात तर त्या पोकळीत उंदीर येतात, त्यांच्यामागे उदमांजर, आणि रात्री दोन वाजता पाहुणा तुम्हाला सोलापुरात फोन करतो.

वादळाचं काय, असं कुणी ना कुणी विचारतंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा वाऱ्यात कौलं उडतात हे खरं, पण पत्रे उडाले की ते दुसऱ्याचा जीव घेऊ शकतात. कडेच्या दोन-तीन ओळी आणि कोन्याची कौलं तारेने किंवा स्क्रूने बांधून घ्या. वादळापेक्षा रोजचा शत्रू माकड आहे. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटा, आणि घरामागे शंभरेक जादा कौलं रचून ठेवा.

नळ, बिजागऱ्या, ग्रिल सगळं सोलापुरातून घेतलं तर स्वस्त पडेल ना?

पडेल. मग दुसऱ्या वर्षी परत घ्याल.

खाऱ्या हवेतला क्षार प्रत्येक उघड्या धातूवर बसतो. स्टेनलेस स्टील म्हटलं की आपण निश्चिंत होतो, पण त्यात जाती आहेत. बाजारात कड्या-कोयंडे बहुधा २०२ जातीचे असतात. दुकानात झळाळतात, समुद्राकाठी एका पावसाळ्यात त्यांच्यावर चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके येतात. ३०४ बरं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला टिकतं. बाहेरच्या रेलिंगला, शॉवरला, बाहेरच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेच. एका दुकानदाराने माझ्या एका ग्राहकाला २०२ चं सामान ३०४ म्हणून दिलं होतं, बिलावर जात लिहिलेली नव्हती. बिलावर लिहून घ्या. चुंबक लावून बघायची युक्ती इथे उपयोगाची नाही, कारण २०२ ला आणि ३०४ ला दोन्हींना चुंबक सहसा धरत नाही.

आत बिजागऱ्या, कड्या पितळी लावा. खिडक्या लाकडाच्या, लोखंडाच्या नकोत. एसीचं बाहेरचं युनिट वाऱ्याच्या तोंडावर न ठेवता घराच्या आडोशाला, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायचं. नवं काँक्रीट कुठे करावंच लागलं, न्हाणीघराचा स्लॅब म्हणा, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितलंय. समुद्राची वाळू आणि मचूळ पाणी काँक्रीटला अजिबात वापरायचं नाही. "वाळू तर दारातच आहे" हा विनोद प्रत्येक साइटवर होतो. कधी कधी तो विनोद नसतो.

विहीर आहे. पाणी पुरेल का? पोहण्याचा तलाव करायचा विचार आहे.

चार-पाच दिवसांआड पाणी भरायची सवय असलेल्या सोलापूरकराला भरलेली विहीर बघून मोह होतो. मे महिन्यात ते पाणी चाखून बघा. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोरात उपसलंत की खालचं खारं पाणी वर येतं आणि लवकर परत जात नाही. बोअर तर अशा जागी घेऊच नये. किनारा क्षेत्रात भूजल उपशावर निर्बंध आहेत, ते वेगळेच. लहान मोटर, थोडा थोडा उपसा, उंचावर मोठी टाकी, आणि कौलांवरचं पावसाचं पाणी साठवायची सोय हे करा. दर उन्हाळ्यात पाण्याची तपासणी करून क्षारांचं प्रमाण नोंदवून ठेवा.

तलावाबद्दल माझं मत विचाराल तर नको. समोर समुद्र, मागे विहीर, मध्ये क्लोरीनची टाकी कशाला? त्याऐवजी मागल्या दारी चिऱ्याचा आडोसा करून उघड्यावरचं न्हाणीघर करा. खर्च फार नाही, आणि पाहुणे फोटो त्याचेच काढतात.

संडास घराबाहेर आहे. आत घेता येईल?

घ्यावाच लागेल. प्रत्येक खोलीला जोडून स्वच्छ, कोरडं न्हाणीघर नसेल तर महागडं भाडं विसरा. जोतं न वाढवता जागा काढायची म्हणजे बहुधा पडवीचा कोपरा किंवा कोठीची खोली जाते. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून निदान वीस मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. जांभ्यातून पाणी झपाट्याने फिरतं, म्हणून यात एक मीटरचीही सवलत मागू नका, शेजाऱ्याच्या विहिरीच्या बाबतीतही.

काम कधी सुरू करावं?

दसऱ्यानंतर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात असतो, तेव्हा छप्पर मेच्या मध्यापर्यंत झाकलेलं पाहिजे. म्हणजे हातात सात महिने. त्यातून होळीला शिमगा, पालख्या, गावची जत्रा वजा करा. त्या दिवसांत सुतार सापडत नाही आणि सापडावा अशी अपेक्षाही करू नये. एप्रिल-मे आंब्याचा हंगाम, मजूर बागेत. छपराचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकलं तर बाकीचं आपोआप मार्गी लागतं. भिंती सुकवायच्या असतील तर दोन हंगाम धरा.

एकूण खर्च किती येईल?

घर बघितल्याशिवाय आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही. क्रम मात्र सांगतो: छप्पर, पाण्याचा निचरा, वाळवी, वायरिंग आणि अर्थिंग, न्हाणीघरं, मग भिंती, सगळ्यात शेवटी फर्निचर. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात, कारण सोफा दिसतो आणि गटार दिसत नाही. अंदाजपत्रकाच्या वर वीस टक्के बाजूला ठेवा. कौलं उतरवल्यावर काय निघेल ते कौलं उतरवल्यावरच कळतं.

आणि पैसे सुटणार कधी?

समजा, तीन खोल्यांचं अख्खं घर रात्रीला १२,००० रुपयांनी दिलं आणि वर्षात १०० रात्री भरल्या. १२ लाख आले. त्यातून बुकिंग संकेतस्थळांचं कमिशन १ लाख ८०, राखणदार आणि साफसफाई ३ लाख, वीज-इंटरनेट वगैरे १ लाख, वार्षिक डागडुजी दीड लाख. उरले ४ लाख ७०, कर भरायच्या आधी. घरावर ४५ लाख घातले असतील तर साडेनऊ वर्षं. आकडे तुमचे घालून बघा, पण डागडुजीचा रकाना शून्य करू नका. निव्वळ गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याला मी हे घर करू नका असंच सांगतो. घर मुळात राखायचंच आहे, त्याचा खर्च त्याने स्वतः काढावा, एवढी अपेक्षा असेल तर गणित बसतं.

लक्झरी म्हणजे नेमकं काय द्यायचं? झुंबर, जकुझी वगैरे?

कोकणात ऐषाराम म्हणजे कोरडेपणा. कोरडी गादी, कोरडा टॉवेल, कुबट वास नसलेलं कपाट, पायाला चिकट न लागणारी फरशी. हे जमलं तर निम्मी लढाई जिंकली. बाकी मग नळाला दाबाने येणारं गोडं गरम पाणी, आवाज न करणारा पंखा, न फाटलेली मच्छरदाणी, वीज गेली तरी चालणारा इन्व्हर्टर, आणि पडवीत खरोखर बसता येईल अशी आरामखुर्ची. भिंतीवर नांगर, जाळी, शंख टांगून "सागरी थीम" करायची गरज नाही. समुद्र समोर आहे.

इथे सोलापूरकराला एक सोय आहे. टेरी टॉवेल आपल्या गावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि थेट कारखान्यातून घेता येतो. पण हॉटेलसारखा जाडजूड, ६०० जीएसएमचा (चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचा) घेऊ नका. पावसाळ्यात तो किनाऱ्यावर तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर वास धरतो. ४०० ते ४५० जीएसएमचा, पांढरा, प्रत्येक पलंगामागे तीन जोड. सोलापुरी चादरीचंही तेच: तिचं जेकार्डचं वीणकाम बघून पाहुणे विचारतात, कुठून आणली, पण अंथरायला ती नको, पायथ्याशी घडी घालून ठेवा. अंथरायला साधं पातळ सुती. आणि कपड्यांसाठी हवा खेळती राहील अशी कौलारू वाळवणाची शेड आधी बांधा, बाकीची सजावट नंतर.

परवाने कोणते लागतात?

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी किंवा होमस्टे म्हणून नोंदणी, जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी. पर्यटन नोंदणीचं प्रमाणपत्र घेऊन महावितरणच्या कार्यालयात वीजदराचं विचारा, न विचारता घरगुती मीटरवर धंदा चालवू नका. गॅस सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. दारू विकायची नाही, आणून द्यायचीही नाही.

जीएसटीचं थोडक्यात: सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, मात्र संकेतस्थळामार्फत आलेल्या बुकिंगवर ते संकेतस्थळच कर भरतं. खोलीचं रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. बाकी तुमच्या सीएला विचारा.

घरात देव आहेत, भाद्रपदात गणपती येतो. पाहुण्यांचं कसं करायचं?

गणपतीचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर बंद करा. त्या दिवसांत घर कुटुंबाचं. मुंबई-पुण्याचे सगळे चुलते येणार, आणि तुम्ही तिथे पर्यटक बसवलेत तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. देवघराला वेगळं दार काढता आलं तर फार बरं. राखणदार रोज दिवा लावतो, पाहुण्याला आत जायची गरज पडत नाही. मासळी शिजवायची चूल देवघरापासून लांब, मागल्या पडवीत. शिमग्याला पालखी दारात येते, तेव्हा अंगण मोकळं लागतं, तिथे पाहुण्यांच्या गाड्या नकोत.

सोलापुरात बसून घर चालवायचं कसं?

तिथल्या माणसावर. कॅमेरा, डिजिटल कुलूप, मोबाइलवरून एसी बंद करणं हे सगळं असू दे, पण पहाटे पंप बंद पडला की स्क्रूड्रायव्हर घेऊन जाणारा कुणीतरी गावातलाच लागतो. शक्यतो घराजवळचं एखादं जोडपं बघा: काका बाग आणि डागडुजी बघतात, काकू स्वयंपाक. पगार बाराही महिने द्या, पावसाळ्यातसुद्धा. हंगामापुरता पगार दिलात तर ते हंगामापुरतेच तुमचे राहतील. जेवणाचे पैसे पूर्ण त्यांचे त्यांना ठेवू द्या. पाहुण्याला आमटीत सोलापुरी काळा मसाला नको असतो, त्याला सोलकढी आणि तळलेला बांगडा हवा असतो, आणि तो काकूंनाच जमतो.

पाहुणे समुद्रात उतरले आणि काही झालं तर?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला हवा. आपल्याकडच्या पाहुण्यांना, सोलापूर-लातूर-धाराशिवच्या, हिप्परग्याचा तलाव माहीत असतो, भरती-ओहोटीची ओढ माहीत नसते. ओहोटीला पाणी शांत दिसतं आणि तेव्हाच आत ओढतं. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. भरती-ओहोटीच्या वेळा रोज फळ्यावर लिहायच्या, दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. कुठे उतरायचं नाही हे राखणदाराने बोट दाखवून सांगायचं. टायर, दोर, शिट्टी पडवीत, हाताशी. दारू प्यालेल्या माणसाला किनाऱ्याकडे जाऊ न देण्याचा अधिकार राखणदाराला आहे, हे बुकिंगच्या अटींतच लिहा आणि तो वापरल्याबद्दल त्याला कधी बोलू नका.

घराचा साधा विमा आहे, तो चालेल ना?

नाही. घर भाड्याने देता हे विमा कंपनीला लेखी कळवा आणि वादळ, पूर, पाहुण्याला झालेली इजा यांचा त्यात समावेश करून घ्या. घरगुती पॉलिसीवर धंद्याचा दावा अडकतो.

पावसाळ्यात बंद ठेवावं का?

जून-जुलै बंद, ऑगस्टपासून बघावं. बंद म्हणजे कुलूप नव्हे. राखणदाराने एक दिवसाआड दारं-खिडक्या उघडायच्या, पाऊस थांबला असेल तेवढा वेळ. गाद्या उभ्या करायच्या, कपाटांची दारं उघडी, चादरी-टॉवेल बंद पेट्यांत. टीव्ही आणि फ्रिज थोडा वेळ रोज चालू ठेवले तर आतल्या सर्किटवर ओल बसत नाही. शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट लावणं, मेमध्येच झालेली असावी.

सोलापूरहून लक्ष ठेवायला कितीदा जावं लागेल, आणि रस्ता कसा आहे?

रत्नागिरीकडे राष्ट्रीय महामार्ग १६६: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर, पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला. काम चालू असताना महिन्यातून दोनदा तरी जा, आणि न सांगता जा. घर सुरू झाल्यावर दोन फेऱ्या चुकवू नका: एक मेच्या पहिल्या आठवड्यात, छपरावर स्वतः चढून बघायला, आणि दुसरी पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर. दुसरीसाठी घाटाची खबर घेऊनच निघा. दरड आली असेल तर कोल्हापुरात मुक्काम करा. जाताना शेंगाचटणीची पाकिटं न्या, काकूंकडे मागणी असते.